एका लॅपटॉपचे दोन संसार

तुमच्या लॅपटॉपवर आत्ता काय काय चालू आहे, जरा मोजा बरं. ऑफिसचं मेल, ऑफिसचं चॅट, अँटिव्हायरस, फोटो क्लाऊडवर चढवणारं काहीतरी, ब्राउझरचे सव्वीस टॅब आणि ‘अपडेटसाठी रीस्टार्ट करू का?’ असं दिवसातून तीनदा विचारणारी ती विंडो. सोमवार ते शुक्रवार हे सगळं ठीक आहे. तो लॅपटॉप पगाराचा आहे, तसाच वागणार. पण शनिवारी रात्री तुम्ही गिटार बाहेर काढता, हेडफोन चढवता, रेकॉर्डचं लाल बटण दाबता... आणि तिसऱ्या ओळीला टर्रर्र! आवाज फाटतो. परत टेक, परत टर्रर्र. अकराच्या सुमारास गिटार कव्हरमध्ये आणि तुम्ही यूट्यूबवर.

यावर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. नवीन लॅपटॉप घेऊ, बारा महिन्यांचा ईएमआय, काय जातंय! पण बॉस, त्या नव्या लॅपटॉपवरही सहा महिन्यांत तेच मेल, तेच चॅट आणि तेच सव्वीस टॅब येणार. म्हणून आजचा फंडा जरा वेगळा. लॅपटॉप तोच ठेवायचा, पण त्यात दोन संसार थाटायचे. कॉम्प्युटरवाले याला ड्युअल-बूट म्हणतात. एकाच मशीनमध्ये दोन ऑपरेटिंग सिस्टिम. बटण दाबलं की मशीन विचारतं, आज कुठे जायचं? ऑफिसात की गाण्यात? एका वेळी एकच. गाण्यात असताना ऑफिस झोपलेलं असतं. अर्धवट नाही, ठार झोपलेलं.

आयडिया नवी नाही. २००० च्या दशकात घरच्या पीसीवर गाणी करणारी बरीच मंडळी एकाच डिस्कवर दोनदा विंडोज एक्सपी टाकायची. एक इंटरनेट आणि गेम्ससाठी, दुसरी फक्त संगीतासाठी. दुसरीत नेट नाही, अँटिव्हायरस नाही, स्क्रीनसेव्हरसुद्धा नाही. ॲपलने २००६ मध्ये बूट कॅम्प आणलं आणि मॅकवर विंडोज चालवायची अधिकृत सोय झाली. (ॲपलच्या स्वतःच्या चिपवाल्या, म्हणजे २०२० नंतरच्या एम सीरिजच्या मॅकवर बूट कॅम्प चालत नाही. तेव्हा मॅकवाल्यांनी पुढचं नुसतं ज्ञान म्हणून वाचावं.) आज या दुसऱ्या संसारासाठी सगळ्यात सोयीचं, शिवाय फुकट, म्हणजे लिनक्स.

टर्रर्र का होतं?

साधी गोष्ट आहे. आवाज कॉम्प्युटरमध्ये धारेसारखा वाहत नाही, कळश्या भरभरून नेला जातो. या कळशीला म्हणतात बफर. कळशी मोठी घेतली की फेऱ्या कमी, मशीनला आराम, पण पाणी पोचायला उशीर. कळशी लहान घेतली की पाणी लगेच, पण फेऱ्या भरमसाट. आणि अशा एका फेरीच्या वेळी अँटिव्हायरसने मशीनला मध्येच हाक मारली, की ती फेरी चुकते. चुकलेली फेरी म्हणजे तुमचा टर्रर्र.

आता थोडे आकडे. घाबरू नका, दोनच आहेत. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झवर असेल, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने घेतले जात असतील, तर १,०२४ नमुन्यांच्या कळशीला २१ मिलिसेकंद लागतात. १२८ च्या कळशीला तीनपेक्षाही कमी. आवाजाला आत यायला एक कळशी आणि हेडफोनपर्यंत जायला दुसरी, म्हणजे मोठ्या कळशीचा हिशोब ४० च्या पुढे जातो. चाळीस मिलिसेकंद म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत! कोणाला कळणार?

कळतं. मालवणात माझ्या मामाला पहिल्या थापेला कळलं.

मागसून कोण वाजवता?

माझं आजोळ मालवण. मामा भजनात पखवाज वाजवतो, गेली चाळीस वर्षं. तळकोकणातल्या डबलबारीबद्दल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : दोन बुवा, दोन्ही बाजूंचे पखवाज-तबला, मागे कोरस आणि रात्रभर समोरासमोर सामना. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातून जवाब द्यायचा. सिंधुदुर्गातल्या गावागावांत आजही यासाठी मैदान भरतं. मोबाइलवर अशा सामन्यांच्या क्लिपा ढिगाने आहेत. पण मामाच्या मते त्यात पखवाज नसतोच. असतो तो भोंगा. आणि ते खरंच आहे. डाव्या पुडीला कणीक लावून मिळवलेला तो घुमारा कर्ण्यातून आणि मोबाइलच्या माइकमधून जाईपर्यंत नुसता ‘भप्प’ उरतो. डावा हात काय करतोय हे क्लिप बघून कोणाला शिकता येत नाही.

मामाकडे शिकायला तीन मुलं येतात. दोघं आता मुंबईला नोकरीला लागतील अशा बेतात आहेत. मामाचे गुडघे गेलेत, मांडी घालून रात्रभर बसणं होत नाही. गेल्या वर्षी त्याने मैदानात जाणं बंद केलं. म्हणून मामेभावाने ठरवलं, बाबांचे हात नीट रेकॉर्ड करायचे. पखवाज वेगळा, पेटी वेगळी, आवाज वेगळा. म्हणजे मुंबईला गेलेला पोरगा लोकलमध्ये हेडफोन लावून फक्त पखवाज ऐकू शकेल किंवा पखवाज बंद करून उरलेल्या गजराबरोबर स्वतः वाजवू शकेल.

सेटअप काय? दोन माइक, दोन माइकचा एक जुना यूएसबी ऑडिओ इंटरफेस आणि एक लॅपटॉप. माइक दोनच, त्यामुळे आधी बुवांचा आवाज आणि पेटी घ्यायची, मग ते हेडफोनवर ऐकत मामाने त्यावर पखवाज वाजवायचा. मामाने हेडफोन लावले, चार मात्रा वाजवल्या आणि हात वर केले.

“हात फुडे आनी आवाज मागसून. माझ्या मागसून कोण वाजवता?”

हेच ते चाळीस मिलिसेकंद! हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे चाळीस मिलिसेकंद उशीर म्हणजे स्वतःचाच पखवाज तेरा-चौदा मीटरवरून, अंगणापलीकडून ऐकू येणं. माझ्यासारखीला फरक कळणार नाही, पण ज्याचं आयुष्य समेवर येण्यात गेलं त्याला ठेका धरताच येत नाही. कळशी लहान केली तर टर्रर्र, कारण लॅपटॉपवर बाकीचा बाजार भरलेला.

(तुमच्या इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ असं बटण असेल तर आधी ते दाबा. तुमचा आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये येतो आणि उशिराचं दुखणं तिथेच संपतं. टर्रर्र मात्र राहतो. मामेभावाच्या इंटरफेसला हे बटणच नव्हतं.)

पण लॅपटॉप तर पोटाचा!

आता खरी अडचण ऐका. तो लॅपटॉप म्हणजे मामेभावाचं दुकान. तारकर्लीच्या रस्त्याला त्याच्या तीन खोल्यांचं होमस्टे आहे. बुकिंग, जीएसटी, पाहुण्यांचे आयडी, मच्छीवाल्याचा हिशोब, सगळं त्याच मशीनवर. विंडोज काढून टाकणं शक्य नाही. आणि ड्युअल-बूट म्हटल्यावर त्याचा चेहराच पडला.

“ताई, ह्यां सगळां उडालां तर सीझनाक मी खातलंय काय?”

प्रश्न चुकीचा नव्हता. डिस्कचे भाग पाडताना लाइट गेली किंवा क्लिक चुकलं की डेटा जाऊ शकतो. म्हणून आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आणि त्या तुम्हालाही जशाच्या तशा लागू आहेत.

एक, मुहूर्त. मालवणात पावसाळ्यात किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या आणि स्कूबा बंद असतात, पाहुणे कमी. म्हणून जुलै. तुमच्यासाठी मुहूर्त म्हणजे लाँग वीकएण्ड, ज्याच्या दुसऱ्या दिवशी प्रेझेंटेशन नाही असा. (लॅपटॉप ऑफिसचा असेल तर मात्र हात लावायच्या आधी आयटीवाल्यांना विचारा. उत्तर बहुधा ‘नाही’ असेल आणि ते पाळा.)

दोन, बॅकअप. सगळा डेटा एका बाहेरच्या डिस्कवर आणि ती डिस्क दुसऱ्या घरात. मामेभावाने ती वाडीतल्या काकीकडे ठेवली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेलं तेव्हा इथे कित्येक घरांचे कौलं-पत्रे उडाले होते, वीज दिवसच्या दिवस नव्हती. त्यामुळे ‘एका घरात दोन कॉप्या म्हणजे एकच कॉपी’ हे इथे कोणाला शिकवावं लागत नाही.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, वेगळी डिस्क. लॅपटॉप उघडला तर आत एसएसडीसाठी एक मोकळी एम.२ खाच होती. बाजारातल्या रिपेअरवाल्याने त्यात नवी एसएसडी बसवली आणि जुनी विंडोजवाली डिस्क चक्क काढून मामेभावाच्या हातात दिली. लिनक्स टाकून होईपर्यंत ती त्याच्या हातातच होती! मशीनमध्ये जी डिस्कच नाही ती कोणी कशी उडवणार? काम झाल्यावर परत बसवली. आता लॅपटॉप सुरू करताना एक की दाबली की मेनू येतो, त्यात डिस्क निवडायची. त्या दिवशी लाइट दोनदा गेली. लॅपटॉपची बॅटरी फुल्ल होती, कोणाला काही वाटलं नाही.

एकच डिस्क असेल तर?

टेन्शन नॉट. थोडी जास्त काळजी, बस. क्रम असा :

विंडोज आधी, लिनक्स नंतर. उलट केलं तर विंडोज स्वतःला घरचा एकुलता एक वारस समजतं आणि सुरुवातीचा मेनूच बाजूला सारतं.

ड्राइव्ह एनक्रिप्शन, म्हणजे बिटलॉकर, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बूटच्या सेटिंगला हात लावला की विंडोज ती मागू शकतं आणि तेव्हा ती लॅपटॉपच्या आत सेव्ह केलेली असून उपयोग नसतो.

विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असताना शट-डाऊन केलेलं विंडोज खरं तर पूर्ण बंद होत नाही, डुलकी घेतं. अशा अवस्थेत त्याच्या डिस्कवर लिनक्समधून काही लिहायला गेलात तर नुकसान होऊ शकतं.

मग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून त्याचा भाग आक्रसून जागा मोकळी करा. किती? ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक ट्रॅक मिनिटाला साधारण साडेआठ एमबी खातो. आठ ट्रॅकचं तासभराचं रेकॉर्डिंग म्हणजे चार जीबीच्या वर. सिस्टिम आणि सॉफ्टवेअरला ५०-६० जीबी धरा, बाकी गाण्याला.

आणि काहीही इन्स्टॉल करण्याआधी लिनक्स पेन ड्राइव्हवरून ‘ट्राय’ करून बघा. यात डिस्कला हातसुद्धा लागत नाही. इंटरफेस जोडा, माइकमध्ये ‘हॅलो’ म्हणा, हेडफोनमध्ये ऐका. आलं ऐकू तर पुढे जा. नाही आलं तर पेन ड्राइव्ह काढा, रीस्टार्ट करा, काही घडलंच नाही असं समजा. ‘क्लास-कम्प्लायंट’ म्हणून विकले जाणारे यूएसबी इंटरफेस लिनक्सवर सहसा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात. विकत घेताना हा शब्द लक्षात ठेवा.

दुसऱ्या घरात काय आहे?

आम्ही टाकलं उबंटू स्टुडिओ. २००७ पासून निघणारी ही लिनक्सची आवृत्ती खास संगीत, ग्राफिक्स आणि व्हिडिओवाल्यांसाठी आहे. लहान कळशीने काम करायची तयारी त्यात आधीच केलेली असते. सोबत आर्डर हे रेकॉर्डिंग स्टुडिओचं सॉफ्टवेअर येतं. ते सुरू करणारा पॉल डेव्हिस हा ॲमेझॉनच्या अगदी पहिल्या एक-दोन प्रोग्रॅमर्सपैकी. पुढे त्याने ते सोडलं आणि संगीताच्या मुक्त सॉफ्टवेअरमागे लागला. (करिअर बदलायचं मनात असलेल्यांनी या वाक्याचं काय करायचं ते आपापलं ठरवा.) आवाजाची फेरी कधीच चुकू नये म्हणून लिनक्सच्या गाभ्यात जे ‘रिअल-टाइम’ काम करावं लागतं, ते जवळजवळ वीस वर्षं बाहेरून ठिगळासारखं जोडावं लागत होतं. २०२४ च्या शेवटी, ६.१२ या आवृत्तीत ते मूळ लिनक्सचा भाग झालं.

आता नाण्याची दुसरी बाजू. एबल्टन लाइव्ह, एफएल स्टुडिओ, क्युबेस यांची लिनक्स आवृत्ती नाही. रीपर आणि बिटविग यांची आहे. विंडोजचे काही प्लगइन जुगाड करून लिनक्सवर चालतात, पण कॉपी-प्रोटेक्शनवाले महागडे प्लगइन बऱ्याचदा हट्टाला पेटतात. तुमचं सगळं काम त्यांच्यावरच असेल तर दुसऱ्या घरातही विंडोजच टाका. दुसरं, स्वच्छ, फक्त संगीताचं. त्यासाठी वेगळं लायसन्स लागेल का, हे आधी बघून घ्या. मुद्दा लिनक्सचा नाहीच, मुद्दा वेगळ्या खोलीचा आहे.

मामेभावाचा कणकवलीचा मित्र एफएल स्टुडिओवर काम करतो. दोघांचे प्रोजेक्ट एकमेकांकडे उघडत नाहीत. मग? प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह फाइल काढून पाठवायची. वेव्ह सगळीकडे उघडते. आणि दहा वर्षांनीही उघडेल, जे कोणत्याही सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट फाइलबद्दल छातीठोकपणे सांगता येत नाही. मामाचे हात जपायचे असतील तर हे महत्त्वाचं.

शिकायचं कुठे? आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे-छोटे व्हिडिओ धडे फुकट देतो, लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. आणि नुसतं एका माइकवर रेकॉर्ड करून कापायचं-जोडायचं असेल तर २००० सालापासूनचं आपलं जुनं ऑडॅसिटी आहेच.

साडेपाच तासांची गंमत

लिनक्स टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता मामेभाऊ विंडोजमध्ये गेला तर घड्याळात सकाळचे साडेसहा! हा बिघाड नाही. मशीनच्या आतल्या घड्याळावर विंडोज स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स ठेवतं जागतिक वेळ. आपण जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. दोन संसार आणि भिंतीवरचं घड्याळ एकच, मग भांडण होणारच. ‘स्थानिक वेळच ठेव’ असं लिनक्सला एका ओळीच्या कमांडने सांगितलं की मिटतं. होमस्टेवाल्याने हे पहिल्याच दिवशी करावं, नाहीतर चेक-इनचं गणित बिघडलंच म्हणून समजा.

बाकी रेकॉर्डिंगचं काय झालं? कळशी १२८ ची. वायफाय बंद. बाहेर पाऊस, त्यामुळे पखवाजाची पुडी उतरत होती, दर दोन टेकनंतर मामा ती ठोकून परत स्वरात आणत होता. ही कटकट कोणत्याही सॉफ्टवेअरने जात नाही. मामाने हेडफोन लावले, चार मात्रा वाजवल्या, थांबला, परत चार वाजवल्या.

“आता एकाच टायमाक येता. मागचो गेलो खय?”

आणि मग थांबलाच नाही. त्या आठवड्यात तीन गजर झाले. शिवाय मामाच्या सांगण्यावरून एक ट्रॅक नुसत्या डाव्या हाताचा, कारण पोरं चुकतात ती तिथेच.

लोक मला विचारतात, पण दर वेळी रीस्टार्ट करायचं म्हणजे कंटाळा नाही येत? दोन मिनिटं जातात, खरंय. पण ती दोन मिनिटं म्हणजे देवळाबाहेर चपला काढण्यासारखी आहेत. तेवढ्या वेळात मेल मागे राहतं, बॉस मागे राहतो, सव्वीस टॅब मागे राहतात. एका खिडकीत एक्सेल आणि दुसऱ्या खिडकीत गाणं असलं की जिंकतं कोण, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

जाता जाता एक. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अटीत न बसणारे कितीतरी धडधाकट लॅपटॉप तेव्हापासून कपाटात पडून आहेत. तुमच्याकडे असा एखादा असेल तर दोन संसारांचीही गरज नाही, तो सरळ गाण्यालाच देऊन टाका.

आणि नसेल, तर या शनिवारी एवढंच करा : बॅकअप घ्या आणि एक पेन ड्राइव्ह तयार करा. बाकीचं पुढच्या शनिवारी. घरात कोणाचे हात, कोणाचा गळा रेकॉर्ड करायचा राहिलाय, ते या आठवड्यात आठवून ठेवा.